सासऱ्यांचा डोळा आणि आमचा एअरकंडिशन

नाशिककरांना आपल्या हवेचा फार अभिमान. मुंबईहून पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी हवा दाखवतात. ‘काय हवा आहे बघा,’ असं म्हणताना चेहरा असा करतात, की जणू पहाटे उठून यांनीच ती घुसळून ठेवली आहे. अशा गावात ऐंशीच्या दशकात घरात एअरकंडिशन बसवणं म्हणजे गंगाकाठी राहून पाणी विकत आणण्यासारखं होतं. मी ते केलं. अक्कल गहाण टाकायच्या कामात मी कधी उशीर केलेला नाही.

मी तेव्हा अंबडला एका कारखान्यात स्टोअरचा सुपरवायझर होतो. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये नवा एअरकंडिशन आला, आणि जुना कर्मचाऱ्यांमध्ये लिलावात निघाला. बंद पाकिटात आकडा लिहून द्यायचा होता. मी अकराशे एक लिहिले. वरचा एक शुभ म्हणून. पाकिटं फुटली तेव्हा कळलं की माझ्याखेरीज फक्त भंगारवाल्याचं पाकीट होतं, आणि त्यात चारशे लिहिले होते. तो भंगारवाला मला भेटून अभिनंदन करून गेला. त्याच्या डोळ्यांत करुणा होती.

माझ्या बाजूनं एवढंच सांगतो, की आमचं घर वसाहतीत वरच्या मजल्यावर होतं. डोक्यावर सपाट स्लॅब. एप्रिल-मे महिन्यांत त्यावर पापड वाळत घातले तर वाळायच्या ऐवजी भाजून निघायचे. नाशिकची ती प्रसिद्ध हवा आमच्या स्लॅबपर्यंत येऊन वरच्या वर परत जायची.

मशीन बसवायला जो मिस्त्री आला तो मूळचा सिन्नरचा. आठवडाभर पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजवर कामाला असायचा आणि रविवारी अशी घरगुती कामं करायचा. खिडकीचे गज कापून त्यानं ते धूड बसवलं, बटण दाबलं, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या दिव्यांनी एकदम मान खाली घातली. मग घरघर सुरू झाली आणि थंडगार वारा आला. बायकोनं डोळे मिटले. शेजारपाजारचे बारा-तेरा लोक खोलीत येऊन उभे होते, त्यांच्या अंगच्या उष्म्यामुळे तो वारा पुढे पाच मिनिटांत संपला, ती गोष्ट वेगळी.

“सायेब, एक ध्यानात ठेवा,” मिस्त्री जाताना म्हणाला. “ही म्होरची जाळी पंधरा दिसाला काढून पाण्याखाली धरायची. अन् वर्षातून दोनदा सगळं मशीन बाहेर काढून सर्व्हिस. मी येत जाईन. पंच्याहत्तर रुपये.”

“वर्षाचे?”

“एका खेपेचे.”

मी हसलो. अकराशे एक रुपये डोळ्याची पापणी न लववता देणारा माणूस पंच्याहत्तर रुपयांना कसा हसू शकतो, हे ज्याला कळत नसेल त्यानं मध्यमवर्गात जन्म घेऊन बघावं. वस्तू घेताना आपण राजे असतो. ती सांभाळताना आपल्याला आपला पगार आठवतो.

“अरे, यात सर्व्हिस करण्यासारखं आहे काय?” मी म्हणालो. “हवा आत जाते, हवा बाहेर येते. हवेला कसली आलीय घाण?”

मिस्त्रीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग “बरं हे,” म्हणाला आणि गेला.

जाळी मात्र मी धुतली. म्हणजे महिन्या-दीड महिन्यानं काढली आणि गॅलरीत नेऊन सतरंजी बडवतात तशी बडवली. धूळ निघाली. जाळीही निघाली, तीन तुकड्यांत. नवी आणायची तर मिस्त्री आला असता, आणि मिस्त्री आला की पंच्याहत्तर आले. म्हणून मी माझं लग्नातलं धोतर काढलं, त्याच्या दोन घड्या केल्या आणि जाळीच्या चौकटीवर ताणून बसवलं. धोतर मलमलीचं होतं, जाळीपेक्षा विणीला बारीक. जाळीतून जी धूळ निसटत असेल ती यातून निसटणार नाही, असा माझा हिशोब. तो बरोबर निघाला. धूळ काय, हवासुद्धा निसटली नाही.

त्याचा परिणाम असा झाला, की दहा-बारा दिवसांनी मशीनच्या आत बर्फ जमायला लागला. चांगला बोटभर जाड. आता शहाणा माणूस घाबरला असता. मी शेजाऱ्यांना बोलावलं.

“बघा,” मी टॉर्च मारून दाखवलं. “साहेबांच्या केबिनमध्ये चार वर्षं होतं, कधी बर्फ केला नाही. आमच्याकडे आल्यावर करतंय.”

“हाताचा गुण असतो,” खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर म्हणाले. ते खरंच म्हणाले की टोमणा मारून, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या मिसेसनी विचारलं, “पन्ह्यात घालायला चालेल का हो तो?” मी उदारपणे एक वाटी खरवडून दिला.

पुढे दसरा आला. कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. लेथला हार, ड्रिलला हळदकुंकू, आणि स्टोअरचा प्रमुख या नात्यानं नारळ माझ्या हातचा. घरी आलो तर खिडकीतलं माझं यंत्र उघडंबोडकं दिसलं. लाज वाटली. मी स्नान करून त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि मुठीनं अक्षता वाहिल्या. वारा यायच्या फटी वरच्या अंगाला होत्या, त्यांतून अक्षता भराभर आत गेल्या. बायको म्हणाली, “अहो, आत गेलं ना सगळं.” मी म्हणालो, “आतच जायला पाहिजे. देव काय पत्र्यावर बसलेला असतो?” हार चार दिवस तसाच ठेवला. वाळला तशा पाकळ्याही एकेक करून देवाला पोचल्या.

मग थंडी पडली, मशीन बंद झालं, आणि मी ते विसरलो.

आता गुरुजींबद्दल सांगायला हवं. गुरुजी म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं पिंपळगावला प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यानंतर ते एकटेच राहायचे, स्वतः स्वयंपाक करायचे, आणि दिवसभर वाचायचे. वर्तमानपत्र, पोथी, औषधाच्या बाटलीवरचा कागद, वाण्याकडून आलेली पुडी, काहीही. त्यांचा डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेला होता. सगळं वाचन उजव्यावर चाललं होतं, आणि त्यात मोतीबिंदू झाला.

त्या काळी मोतीबिंदू पिकायची वाट बघत. गुरुजींचा नेमका एप्रिलच्या तोंडावर पिकला. तोवर त्यांना दारात उभा असलेला माणूस बाई की बुवा एवढंच कळत होतं. डॉक्टर म्हणाले, “करायचं तर आहे, पण उन्हाळ्यात मी सहसा करत नाही. घाम डोळ्यात जातो, धूळ असते. थंडीपर्यंत थांबूया का?”

“घरी एअरकंडिशन आहे,” मी म्हणालो. अशा आवाजात, की बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जावं.

“असं? मग प्रश्नच नाही,” डॉक्टर म्हणाले. “एकच डोळा आहे, तेव्हा काळजी दुप्पट. वाकायचं नाही, खोकायचं नाही, आणि मुख्य म्हणजे शिंकायचं नाही. एक जोराची शिंक, आणि टाके तुटले तर मग माझ्या हातात काही नाही.”

म्हणजे बघा, थंडीपर्यंत सुरक्षित असलेला डोळा मी माझ्या मोठेपणासाठी एप्रिलमध्ये टेबलावर चढवला.

ऑपरेशनच्या आधी आठ दिवस बायको म्हणाली, “त्या मिस्त्रीला बोलावून एकदा सर्व्हिस करून घ्या. अण्णा त्या खोलीत राहणार.” वडिलांना ती अण्णा म्हणायची. मी हो म्हणालो. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “झाली.” रविवारी ती पेपर तपासायला शाळेत गेली असताना मिस्त्री येऊन गेला, असं मी सांगितलं. ती शिक्षिका होती, वडिलांसारखीच, पण नवऱ्याला तिनं अजून विद्यार्थी समजायला सुरुवात केली नव्हती. प्रत्यक्षात मी काय केलं होतं? मशीनचा पुढचा भाग खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसला होता. चकचकीत दिसत होता. कुणालाही वाटलं असतं की सर्व्हिस झाली. मलासुद्धा वाटलं.

गुरुजी आले. डोळ्यावर जाडजूड पट्टी, दुसरा डोळा नावापुरता, त्यामुळे पूर्ण अंधार. त्यांना पलंगावर उताणं निजवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, मशीन सुरू केलं. गेल्या दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. आधी एक ओला, कुबट वास आला. मग वारा आला.

“छान थंड आहे,” गुरुजी म्हणाले. मग वारा हुंगून म्हणाले, “देवळात गेल्यासारखं वाटतं. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं नाक वळवळायला लागलं. त्यांनी वरच्या ओठावर बोट दाबून धरलं. शिंक येता येता गेली. अर्ध्या तासानं पुन्हा. बायको धावली, मी धावलो, पोस्टमास्तरांच्या मिसेस लवंग घेऊन धावल्या. मशीन बंद केलं तर पाऊण तासात स्लॅब बोलायला लागला; कपाळावरून घामाचा ओघळ पट्टीच्या कडेला गेला आणि आत खाज सुटली. पंखा लावला तर कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ उठली. पुन्हा मशीन लावलं की पुन्हा ओठावर बोट. सुट्टी काढून मी त्यांच्या उशाशी बसलो. शिंक आली तर मी काय करणार होतो, देव जाणे. झेलणार होतो बहुतेक.

दुपारी बायको स्वयंपाकघरात गेली तेव्हा गुरुजी हलकेच म्हणाले, “जावईबापू.”

“काय गुरुजी?”

“या मशीनची सर्व्हिस झालीय म्हणता.”

“झालीय ना. दहा दिवस झाले.”

“मिस्त्री किती वाजता आला होता?”

“साडेअकराला. निळा शर्ट होता. चहा नको म्हणाला, सरबत घेतलं. त्याच्या मुलीचं लग्न ठरतंय म्हणत होता, सटाण्याकडे कुठेतरी.”

गुरुजींनी ओठावरचं बोट काढलं. “छत्तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो,” ते म्हणाले. “ज्यानं गृहपाठ केलेला असतो तो नुसती वही पुढे करतो. न केलेला फार माहिती देतो.”

ज्या माणसाला समोर काहीच दिसत नाही त्याच्यासमोर मी मान खाली घालून बसलो होतो.

“आता असं करा,” ते म्हणाले. “ती बाहेर यायच्या आत निघा, आणि मिस्त्रीला घेऊन या. तोवर मी धरून ठेवतो.”

“किती वेळ धराल?”

“ते तुमच्या स्कूटरवर आहे.”

शहरात हे काम करणारं मला ठाऊक असलेलं एकच दुकान होतं. वाटेत तिथं थांबलो तर त्यांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली. मग आग्रा रोडनं पिंपळगाव गाठलं. भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून. कोल्ड स्टोरेजच्या दारातून मिस्त्री बाहेर आला तो स्वेटर आणि माकडटोपी घालून. एप्रिलच्या उन्हात आम्ही दोघे समोरासमोर उभे राहिलो. एक थंडीनं कुडकुडणारा, एक घामानं निथळणारा. दोघांत शहाणा कोण, हे सांगायला नको.

“लय दिसांनी आठवण झाली, सायेब.”

“आत्ताच्या आत्ता चल. सर्व्हिस करायची.”

“आत्ता कसं जमंल? आत द्राक्षं हेत. मशीनच्या गॅसचं प्रेशर पडलंय, त्ये बघतोय.”

मी गुरुजींचं सांगितलं. एकच डोळा, टाके, शिंक. तो ऐकून घेत होता.

“जाळी कितीदा धुतली?”

“धुतली ना.”

“कितीदा, सायेब?”

“एकदा.”

“अन् ती बी बडवून,” तो म्हणाला. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं मान हलवली. “समदे बडवत्यात. थांबा तासभर. द्राक्षं नासली तं मालक मला नासवंल.”

मी कांद्याच्या गोण्यांवर बसून राहिलो. तासाचा सव्वा तास झाला. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी वाट बघत बसलोय, पण दर मिनिटाला आपलंच नाक चोळत कधी बसलो नव्हतो. गुरुजींची शिंक आपण इथून थोडी वाटून घ्यावी, असं काहीतरी चाललं होतं माझ्या मनात.

घरी पोचलो तेव्हा बायको दारात उभी होती.

“आली,” ती म्हणाली.

“किती?”

“एकच. पण मोठी.”

“दुखतंय का त्यांना?”

“नाही म्हणतात. ते कधी हो म्हणालेत?” मग तिनं माझ्यामागे हत्यारांची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे पाहिलं. “हे कशाला आलेत? सर्व्हिस झालीय ना?”

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं. तो बिचारा चपला काढून आत गेला.

गुरुजींना बाजूच्या खोलीत नेऊन निजवलं. तिथं स्लॅबच्या उष्म्याखाली आमची मुलं त्यांना वर्तमानपत्रानं वारा घालत बसली. मिस्त्रीनं मशीन खिडकीतून ओढून गॅलरीत काढलं आणि उघडलं. त्यानं जमिनीवर कागद पसरला आणि एकेक वस्तू काढून मांडायला लागला, पंचनामा करतात तशी. आधी धोतर. ते आता धोतर नव्हतं, गोधडी होती. मग धुळीचा थर, तो फाडून काढावा लागला. पाण्याच्या ट्रेमधून काळा चिखल, त्यात झेंडूच्या पाकळ्या, त्यात कुजलेले तांदूळ. पंख्याच्या पात्यांवर हळदकुंकवाचा राप बसला होता, त्यावर बुरशी आली होती, हिरवीगार.

“मिस्त्री,” गुरुजींनी आतून हाक मारली. “काय काय निघालं?”

“तांदूळ निघाले, गुरुजी.”

“बरेच?”

“मूठभर हेत.”

“आमचे जावई उदार आहेत,” गुरुजी म्हणाले.

बायको कागदाजवळ उभी होती. तिनं वाकून धोतराचा काठ ओळखला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बायकोला उत्तर देता येतं. ती हळू म्हणाली, “तुम्ही झाली म्हणालात, म्हणून मी त्यांना या खोलीत ठेवलं.” आणि आत निघून गेली.

मिस्त्रीनं सोड्याचं पाणी मारलं, साध्या पाण्यानं धुतलं, नवी जाळी बसवली. दोन तास लागले. मशीन पुन्हा खिडकीत गेलं तेव्हा घरघर निम्म्यावर आली होती आणि वाऱ्याला कसलाच वास नव्हता. वारा असाही असतो, हे मला वर्षभरानं कळत होतं.

“किती झाले?” मी विचारलं. आज तो मागेल तेवढे द्यायचे, असं ठरवूनच विचारलं.

“पंच्याहत्तर.”

“एवढंच?”

“रेट त्योच हे, सायेब. आधी केलं काय अन् मागून केलं काय.”

पैसे घेऊन तो बायकोपाशी गेला आणि पुढची तारीख तिला सांगितली. मला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी पट्टी सोडली, बॅटरी मारली. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. फक्त मशीन घेत होतं, स्वच्छ. डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिले. गुरुजींचा हात बायकोच्या हातात होता. मी पायाशी उभा होतो, तिथून मला गुरुजींची हनुवटी तेवढी दिसत होती.

“एक टाका ओढला गेलाय,” ते म्हणाले. “तुटला नाही. डोळा वाचला. पण नंबर तिरका येईल. चष्मा लावूनसुद्धा अक्षर अगदी सरळ दिसेल असं नाही.”

“वाचता येईल का?” गुरुजींनी विचारलं.

“येईल.”

“मग ठीक आहे,” गुरुजी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा कापला. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत त्यांनी डोळ्याची भीती कुणाला दाखवली नव्हती.

दीड महिन्यानं चष्मा आला. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा, आणि तिरक्या नंबरासाठी वेगळे पैसे. ते मी दिले आणि पाकीट खिशात टाकताना पंच्याहत्तर रुपये वाचवण्याच्या माझ्या कौशल्याला मनोमन नमस्कार केला. चष्मा लावून गुरुजींनी वर्तमानपत्र समोर धरलं. मग मान डाव्या खांद्याकडे थोडी कलती केली, आणखी थोडी केली, आणि तिथं थांबून वाचायला लागले. ती मान तशीच राहिली. पुढे जितकी वर्षं ते जगले तितकी वर्षं ते तसेच वाचत. नवीन माणूस विचारायचा, “गुरुजी, मान अवघडली का?” ते म्हणायचे, “शिंकताना लचकली.” ती शिंक कशामुळे आली, कोणाच्या धोतरामुळे, हे त्यांनी माझ्यासमोर कधी कुणाला सांगितलं नाही. माझ्यामागेही सांगितलं नसावं, नाहीतर पोस्टमास्तरांच्या मिसेस गप्प बसल्या नसत्या.

दिवाळीपर्यंत ते आमच्याकडे राहिले. मशीन चालू असो की बंद, दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि मला बोलावत. मी जाळी काढायची, नळाखाली धरायची, झटकायची, आणि त्यांच्या हातात द्यायची. ते ती उजेडाकडे धरून मान कलती करून बघत. शाळेतली पाटी तपासावी तशी. वयाच्या चाळिशीत, कंपनीत चाळीस माणसं हाताखाली असताना, मी ओल्या बाह्यांनी त्यांच्यासमोर उभा राहायचो.

“खालच्या कोपऱ्यात आहे अजून,” ते म्हणायचे.

“मला तर काही दिसत नाही, गुरुजी.”

“मला दिसतंय. परत धुवा.”

मी परत धुवायचो.